घरी केलेल्या चिनी पदार्थांना पाणी सुटणे, भाज्या मऊ पडणे, भाताचे गोळे होणे : दोष शोधण्याचा क्रम

दोघांपुरते केलेले कुंग पाओ चिकन छान जमते, परंतु तीच कृती, तीच सॉस आणि तीच कढई घेऊन सहा-आठ जणांच्या रात्रीच्या जेवणाला बसले की मांस फिकट राहते, भाज्या मऊ पडतात आणि ताटलीत पाणी तरंगू लागते. ही तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा आली आहे आणि निरनिराळ्या स्वयंपाकघरांत शेगडीसमोर उभे राहून मी ती दूर केली आहे. बहुतेक जण दोष कृतीत किंवा सॉसच्या बाटलीत शोधतात, नवी कृती करून पाहतात, महागडा सॉस आणतात आणि पुढच्या वेळी तेच पाणी पुन्हा समोर येते. माझ्या अनुभवात दोष जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी सापडतो : कढईत जितके पाणी येते तितके उडवून लावण्याची ताकद आचेत नसते. माणसांची संख्या चौपट झाली तरी ज्योत तेवढीच राहते, हे गणित लक्षात घेतले की पुढील तपासण्यांचा क्रम आपोआप समजतो. हा क्रम फुकट आणि सोप्या उपायांपासून सुरू होतो आणि खर्चाच्या, कष्टाच्या उपायांकडे जातो. म्हणून तो मधूनच सुरू करू नये.

लक्षणे

पहिले लक्षण कानाला कळते. मांस किंवा भाजी तापलेल्या तेलात पडताच जी चरचर सुरू होते, ती अर्ध्या मिनिटात मंदावते आणि तिच्या जागी खदखद ऐकू येऊ लागते. त्या क्षणी उलथण्याने भाजी बाजूला सारून पाहिले, तर तळाशी करडे, किंचित फेसाळ पाणी जमलेले दिसते आणि तेल त्याच्यावर बारीक गोलांच्या रूपाने तरंगत असते. त्यानंतरची लक्षणे डोळ्यांना दिसतात : चिकन तपकिरी न होता पांढरट-करडे राहते, ढोबळी मिरचीची चकाकी जाते, कोबीचा करकरीतपणा हरवतो, सॉस घातल्यावर तो पदार्थाला न चिकटता खाली उतरतो आणि वाढून दहा मिनिटे झाली की ताटलीच्या कडेला पाण्याची रेघ दिसू लागते. फ्राइड राइसमध्ये हाच दोष भाताच्या गोळ्यांच्या रूपाने येतो, तर नूडल्समध्ये एकमेकींना चिकटलेल्या जुडग्याच्या रूपाने. मांस वातड होणे आणि सॉस दाट करण्याच्या प्रयत्नात त्याचा बुळबुळीत लगदा होणे, ही याच दोषाची पुढची पायरी समजावी, कारण पाणी आटवण्यासाठी मांस गरजेपेक्षा जास्त वेळ आचेवर राहते आणि न आटलेल्या पाण्यावर इलाज म्हणून कॉर्नफ्लोअर ओतले जाते.

कोणतीही तपासणी सुरू करण्यापूर्वी पाणी नेमके केव्हा दिसले, हे आठवून पाहावे. कच्चा माल कढईत पडताच पाणी दिसले असेल, तर दोष प्रमाणात, कोरडेपणात किंवा आचेत असतो. सॉस घातल्यानंतर दिसले असेल, तर सॉसच्या वेळेकडे आणि मिठाकडे पाहावे. वाढल्यानंतरच दिसले असेल, तर भाजी शिजण्याच्या मर्यादेपलीकडे गेली आहे किंवा कॉर्नफ्लोअरची पकड सुटली आहे. एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तराने अर्धे काम होते.

पहिली तपासणी : एका वेळी कढईत किती पडते?

ही तपासणी फुकट आहे आणि सर्वांत जास्त वेळा दोष इथेच सापडतो, म्हणून तिच्यावर सर्वांत जास्त लिहितो आहे. घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरची ताकद साधारणपणे २ ते ४ किलोवॅट असते आणि गॅसच्या उष्णतेपैकी निम्म्याच्या आसपास उष्णताच प्रत्यक्ष भांड्यात शिरते; उरलेली कढईच्या बाजूने वर निघून जाते. दुसरीकडे, १०० ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढेच पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून ही जास्त आहे. समजा कढईत खरोखर १.२ किलोवॅट उष्णता पोहोचत आहे, तर केवळ १०० ग्रॅम पाणी उडवायला तिला ३ मिनिटांहून अधिक वेळ लागेल, आणि मोठ्या आचेवर परतण्याचा बहुतेक चिनी पदार्थांचा एकूण वेळच तेवढा असतो. कोबी आणि मशरूम यांच्या वजनाचा नऊ दशांशाहून अधिक भाग पाण्याचा असल्याने एक किलो भाजीतून १०० ग्रॅम पाणी सुटणे ही अगदी सहज घडणारी गोष्ट आहे.

या पाण्यामुळे होणारे नुकसान केवळ वेळेचे नसते. मांस आणि भाजी तपकिरी होऊन जो खमंग वास सुटतो, ती प्रक्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर जोमाने होते. परंतु अन्नाभोवती पाणी साचलेले असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहते. म्हणजे आपण परतत आहोत असे वाटत असताना प्रत्यक्षात अन्न उकडले जात असते, आणि उकडलेल्या कोबीवर कितीही चांगला सॉस घातला तरी तो उकडलेला कोबीच लागतो.

उपाय असा की सहा जणांचा पदार्थ एका दमात करू नये. ३० सेंटिमीटर व्यासाच्या कढईत एका वेळी मांस २५० ग्रॅमच्या आत आणि भाजी ३०० ग्रॅमच्या आत ठेवावी. मांसाचा प्रत्येक घाणा तळावर एकाच थरात पसरावा, पहिले २०-३० सेकंद त्याला हात लावू नये, मग उलटावे आणि शिजत आले की काढून घ्यावे. काढलेला घाणा खोलगट भांड्यात रचू नये, कारण तिथे वाफ कोंडून पुन्हा पाणी होते. तो पसरट थाळीत मोकळा ठेवावा. दोन घाण्यांच्या मध्ये कढई पुन्हा कडकडीत तापू द्यावी. घाई होते ती नेमकी इथे, आणि दुसऱ्या घाण्याला पाणी सुटण्याचे कारण बहुधा हेच असते. शेवटी सर्व जिन्नस एकत्र करताना सॉसही दोन भागांत करून दोन वेळा मिसळावा, म्हणजे शेवटच्या अर्ध्या मिनिटात कढई पुन्हा थंड पडत नाही. या पद्धतीने एकूण वेळ वाढेल अशी भीती सगळ्यांना वाटते, परंतु पाणी आटण्याची वाट पाहण्यात जाणारी मिनिटे मोजली तर घाण्यांचे काम उलट लवकर आटोपते.

दुसरी तपासणी : जिन्नस कोरडे आहेत का?

धुतलेल्या भाजीच्या पृष्ठभागावर राहिलेले पाणी थोडे दिसते, पण पालेभाजीच्या पानांच्या घड्यांत ते पुष्कळ दडलेले असते आणि तेलात पडताक्षणी ते बाहेर येते. भाजी जेवणाच्या किमान तासभर आधी धुऊन चाळणीत निथळत ठेवावी आणि नंतर स्वच्छ कापडावर पसरावी. गोठवलेले मांस कढईतच सुटे होईल या भरवशावर कधीही राहू नये. ते आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळायला ठेवावे आणि सुटलेले पाणी टाकून मांस टिपून घ्यावे. तोफू परतायचा असेल तर तो कापडात गुंडाळून वर हलके वजन ठेवून अर्धा तास दाबावा. मुरवलेल्या मांसाखाली वाडग्यात द्रव साचला असेल, तर तो मांसाबरोबर कढईत ओतू नये. मशरूमबाबत माझा आग्रह असा की ते इतर भाज्यांबरोबर न घालता एकटे, कोरड्या तापलेल्या कढईत आधी परतून त्यांचे पाणी आटवून बाजूला ठेवावेत. एका मशरूमच्या वाटीमुळे संपूर्ण पदार्थ पातळ झालेला मी वारंवार पाहिला आहे.

तिसरी तपासणी : मीठ आणि सॉस केव्हा पडतात?

मिठामुळे भाजीच्या पेशींतील पाणी बाहेर खेचले जाते, आणि सोया सॉस हे खारट पाणीच असल्याने तोही हेच करतो. म्हणून भाजी अर्धीकच्ची असताना सोया सॉस घालणे म्हणजे तिला पाणी सोडायला सांगणे होय. सॉसचे सर्व घटक आधीच एका वाडग्यात मोजून मिसळून ठेवावेत आणि शेवटच्या अर्ध्या-एक मिनिटात, कढईच्या मध्यभागी न ओतता तापलेल्या कडेवरून सोडावेत, म्हणजे खाली उतरेपर्यंत त्यातील थोडे पाणी उडते आणि सोया सॉसला भाजल्याचा वास येतो. बाटल्या उघडत, चमचे शोधत एकेक घटक घालत बसले, तर प्रत्येक वेळी कढई थंड होते आणि भाजी मात्र शिजत राहते.

याच ठिकाणी सोया सॉसचा प्रकारही तपासून घ्यावा. चिनी स्वयंपाकात फिकट सोया सॉस खारटपणासाठी आणि गडद सोया सॉस मुख्यतः रंगासाठी वापरतात. दोन्ही काळसरच दिसत असल्याने त्यांची अदलाबदल होते, पदार्थ खारट किंवा काळा होतो, आणि तो सुधारण्यासाठी घातलेले पाणी पुन्हा मूळ दोष घेऊन येते.

चौथी तपासणी : तेल घालण्यापूर्वी कढई तापली आहे का?

रिकाम्या कढईत पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो जागच्या जागी फसफसून आटला, तर कढई अजून पुरेशी तापलेली नाही. तो गोळीसारखा टणटणीत होऊन इकडेतिकडे धावू लागला, तर तळाचे तापमान २०० अंशांच्या आसपास पोहोचले आहे, कारण थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होऊन तो तळाला टेकतच नाही. मग कढई पुसून कोरडी करावी, तेल घालावे, ते तळभर फिरवावे आणि लगेच पहिला घाणा टाकावा. आले-लसूण मात्र एवढ्या तापलेल्या तेलात काही सेकंदांत करपून कडू होतात, म्हणून ते मांसाचा घाणा काढल्यावर, आच किंचित उतरवून, थोड्या ताज्या तेलात घालावेत. तेलासाठी रिफाइंड शेंगदाणा तेल किंवा तशाच प्रकारचे, उशिरा धूर सोडणारे तेल घ्यावे. भाजलेल्या तिळांचे तेल आचेवरून उतरवतानाच घालावे, कारण परतण्यात त्याचा सुवास जळून जातो.

इथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. वरची रिकाम्या कढईची परीक्षा नॉन-स्टिक भांड्यावर करू नये. त्या भांड्यांवरील लेप साधारण २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतो आणि त्यातून निघणारा धूर श्वासात जाणे हानिकारक असते. पिंजऱ्यातले पक्षी तर त्याने मरतात. रिकामे भांडे मोठ्या आचेवर काही मिनिटांतच त्या तापमानाला पोहोचते. घरात केवळ नॉन-स्टिक भांडे असेल, तर मध्यम आचेवर तेलासकट तापवावे आणि घाणे आणखी लहान घ्यावेत.

पाचवी तपासणी : कठीण भाज्या आधी उकडल्या आहेत का?

गाजर, ब्रोकोली आणि घेवड्यासारख्या कठीण भाज्या ढोबळी मिरचीबरोबर एकाच वेळी कढईत पडल्या, तर त्या शिजेपर्यंत मिरची गळून जाते आणि पाणी सोडते. कठीण भाज्या मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात मिनिटभर उकडून, गार पाण्यातून काढून, पूर्ण निथळून ठेवाव्यात. हे काम दुपारीच होऊ शकते. घेवडा मात्र पूर्ण शिजला पाहिजे, कारण त्याच्या कच्च्या शेंगांतील लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे पोट बिघडते. म्हणून करकरीतपणाच्या मोहात तो अर्धवट ठेवू नये.

सहावी तपासणी : भात आणि नूडल्स

फ्राइड राइसचे गोळे होतात ते भात ताजा, ओला आणि वाफाळता असल्यामुळे. शिजलेला भात थंड होत असताना त्याच्यातील स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट बांधले जातात, दाणा ताठ होतो आणि फ्रिजमधील कोरड्या हवेत त्याचा पृष्ठभागही सुकतो. म्हणून आदल्या दिवशीचा भात मोकळा परतला जातो. आदल्या दिवशी शिजवणे शक्य नसेल, तर नेहमीपेक्षा थोडे कमी पाणी घालून भात शिजवावा, तो मोठ्या थाळीत पातळ पसरावा आणि वाफ जाऊन दाणे वरून कोरडे लागेपर्यंत पंख्याखाली ठेवावा. माझ्या मते पृष्ठभागाचा कोरडेपणा हा भाताच्या शिळेपणापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि नीट सुकवलेला त्याच दिवशीचा भात कोंडलेल्या डब्यात ओलसर राहिलेल्या शिळ्या भातापेक्षा केव्हाही चांगला परतला जातो.

शिळ्या भाताबाबत आरोग्याचा नियम मात्र काटेकोरपणे पाळावा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवण्याने मरत नाहीत, आणि भात खोलीच्या तापमानात पडून राहिला की ते वाढून विष तयार करतात. उलटी घडवणारे हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही, म्हणून मोठ्या आचेवर परतला की सर्व ठीक होईल हा समज धोक्याचा आहे. भात शिजल्यावर तासाभरात पसरून गार करावा, ५ अंशांच्या आत थंड असलेल्या फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात फेकून द्यावा. त्याच्यावर कोणतीही तपासणी लागू होत नाही.

परतण्यापूर्वी थंड भाताचे गोळे ओल्या हाताने, कढईबाहेरच मोकळे करावेत. कढईत उलथण्याने गोळे ठेचत बसले की दाणे मोडतात आणि स्टार्च सुटून चिकटपणा वाढतो. चीनमधील यांगझोऊ शहराच्या पद्धतीच्या फ्राइड राइसमध्ये अंडे, कोळंबी, हॅम आणि पातीचा कांदा असे बरेच काही पडते, पण ते सर्व आधी वेगवेगळे परतून काढलेले असते. एका वेळी ३५०-४०० ग्रॅम शिजलेला भात एवढीच मर्यादा घरच्या कढईची समजावी. नूडल्सबाबत थोडक्यात इतकेच : त्या किंचित कच्च्या असताना उतरवाव्यात, वरचा स्टार्च जाईपर्यंत गार पाण्याने धुवाव्यात, पूर्ण निथळू द्याव्यात आणि चमचाभर तेल चोळून पसरून ठेवाव्यात.

सातवी तपासणी : मांस वातड का होते?

इथून पुढचे उपाय थोडे कष्टाचे आहेत. मांस शिजताना त्यातील प्रथिने आकसतात आणि आतले पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणून वातड मांस आणि कढईतले पाणी या दोन तक्रारी बरोबरच येतात. सर्वप्रथम काप कोणत्या दिशेने घेतले आहेत ते पाहावे. स्नायूंचे तंतू ज्या दिशेने धावतात, त्यांना आडवे काप घ्यावेत, म्हणजे प्रत्येक तुकड्यात तंतू आखूड राहतात. मांस अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवले की ते पातळ कापणे सोपे जाते.

त्यानंतर चिनी स्वयंपाकघरांत सर्रास वापरला जाणारा उपाय करावा. २५० ग्रॅम मांसाला चमचाभर फिकट सोया सॉस, अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर आणि छोटा चमचाभर तेल चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. या लेपामुळे मांसाभोवती एक मऊ कवच तयार होते आणि आतला रस आत राहतो. मोठ्या कुटुंबासाठी करताना हे मांस परतण्याऐवजी, चमचाभर तेल घातलेल्या हलक्या उकळत्या पाण्यात थोडे थोडे सोडून, बाहेरून पांढरे होताच झाऱ्याने काढून निथळत ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण त्यामुळे कढईवरचा भार निम्मा होतो. चिकन शेवटी कढईत आतपर्यंत ७४ अंशांना पोहोचून पूर्ण शिजलेच पाहिजे, आणि कच्चे मांस ठेवलेल्या ताटलीत शिजलेले मांस परत ठेवू नये. गोमांसासारख्या घट्ट मांसाला २५० ग्रॅमला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा पंधरा-वीस मिनिटे चोळून, मग धुऊन टिपून घेतल्यास ते लक्षणीय मऊ होते. सोडा जास्त झाला किंवा धुतला गेला नाही, तर मांसाला साबणासारखी चव येते.

आठवी तपासणी : दाट केलेला सॉस पुन्हा पातळ का होतो?

एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे थंड पाण्यात कालवले, की साधारण एक कप सॉस दाट होतो. कालवलेले मिश्रण काही मिनिटांतच तळाला बसते, म्हणून ओतण्याच्या क्षणी ते पुन्हा ढवळले आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर सॉस खरोखर उकळला का, हे पाहावे. कॉर्नफ्लोअरचे कण ६५ अंशांच्या आसपास फुगू लागले तरी पूर्ण दाटपणा ९५ अंशांच्या जवळच येतो. कढईत हा बदल स्पष्ट दिसतो : आधी दुधाळ आणि मंद दिसणारा सॉस एकाएकी पारदर्शक होतो, तुकतुकीत चमकतो आणि त्याचे बुडबुडे मोठे व सावकाश फुटू लागतात. त्याच क्षणी आच बंद करावी. त्यापूर्वी थांबले तर कच्चट चव राहते, आणि त्यानंतर ढवळत उकळत राहिले तर फुगलेले कण फुटून सॉस पुन्हा पातळ होतो. आंबट-गोड सॉसमधील व्हिनेगर स्टार्चची पकड सैल करते, म्हणून त्याचा काही भाग अगदी शेवटी घालावा. चव घेतलेला चमचा पुन्हा सॉसमध्ये बुडवू नये, कारण लाळेतील विकर स्टार्चचे विघटन करते. मिश्रण एकदम सगळे न ओतता दोन-तीन वेळा थोडे थोडे घालावे, आणि भाजीला पाणी सुटलेले असेल तर ते आधी काढून घ्यावे. त्या पाण्यावर कॉर्नफ्लोअर ओतणे हा उपाय नव्हे.

नववी तपासणी : जेवणाचा बेत

येथपर्यंतच्या सर्व तपासण्या करूनही दोष राहत असेल, तर तो कढईत नसून बेतात असतो. चिनी जेवणाची ‘चार पदार्थ आणि एक सूप’ ही प्रसिद्ध मांडणी आहे, आणि तिच्यातले चारही पदार्थ मोठ्या आचेवर परतलेले असावेत असे कोणी सांगितलेले नाही. एका शेगडीवर सहा जणांसाठी चार परतलेले पदार्थ एकाच वेळी गरम वाढणे कोणालाही शक्य होणार नाही. परतण्याचा पदार्थ एकच ठेवावा आणि तो सर्वांत शेवटी करावा. ठेचलेल्या काकडीचे लसूण-व्हिनेगर लावलेले थंड सॅलड आधी तयार ठेवता येते, मात्र काकडीला मीठ लावून सुटलेले पाणी ओतून टाकावे. सोया सॉस आणि साखरेत सावकाश शिजवलेले डुकराचे मांस आदल्या दिवशी केले तर उलट अधिक मुरते. पाचशे-सहाशे ग्रॅमचा अख्खा मासा उकळत्या पाण्यावर साधारण ८ ते १० मिनिटांत वाफवला जातो. ताटलीत साचलेले पाणी ओतून द्यावे, वर आले आणि पातीच्या कांद्याच्या बारीक काड्या ठेवाव्यात, कडकडीत तापलेले तेल सोडावे आणि सोया सॉस घालावा. चीनमधील छंग्दू शहराचा मापो तोफू हा मुळातच रस्सेदार पदार्थ आहे. तिखट, आंबवलेल्या बाकल्याच्या पेस्टमध्ये तो सावकाश शिजतो, दुप्पट प्रमाणातही बिघडत नाही आणि दहा मिनिटे थांबला तरी चालतो. मोठ्या कुटुंबासाठी मी याच पदार्थाची शिफारस सर्वांत आधी करतो.

दहावी तपासणी : भांडे आणि शेगडी

भांड्यावर खर्च करण्याची वेळ आता येते, याआधी नाही. सपाट शेगडीवर, विशेषतः इंडक्शनवर, गोल बुडाचा वोक (चिनी कढई) निरुपयोगी ठरतो, कारण त्याचा अगदी थोडा भाग आचेला टेकतो. सपाट बुडाचा, कार्बन स्टीलचा, ३० ते ३४ सेंटिमीटरचा वोक घरासाठी योग्य असतो. तो नवा असताना वरचा संरक्षक लेप घासून काढावा, तो तापवून अतिशय पातळ तेलाचा हात फिरवावा आणि धूर थांबेपर्यंत तापवून हे काही वेळा करावे. तेलाचा थर कडक होऊन बसला की अन्न चिकटत नाही.

शेगडीची ताकद तपासण्यासाठी झाकण असलेल्या भांड्यात एक लिटर साधे पाणी मोठ्या बर्नरवर, पूर्ण आचेवर ठेवावे. ते चार ते सहा मिनिटांत उकळले तर शेगडी ठीक आहे आणि दोष वरच्या तपासण्यांतच आहे. दहा मिनिटांहून अधिक वेळ लागला तर आच कमी पडत आहे. बर्नर गार झाल्यावर त्याची टोपी काढून भोकांतील चोंदलेली घाण ब्रशने साफ करावी, धुऊन पूर्ण वाळवावी आणि टोपी नीट बसवून परीक्षा पुन्हा करावी. एवढेच काम घरी करावे.

कुठे थांबावे

साफसफाईनंतरही ज्योत निळी न राहता पिवळी दिसत असेल, भांड्यांच्या बुडाला काजळी धरत असेल, ज्योत उचलली जाऊन विझत असेल किंवा एका बाजूनेच पेटत असेल, तर शेगडीला आणखी हात न लावता अधिकृत दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे. पिवळी ज्योत म्हणजे गॅस पूर्ण जळत नसल्याची खूण असू शकते आणि अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नसतो. स्वयंपाक करताना डोके दुखू लागले किंवा गरगरले तर शेगडी बंद करून सर्वांनी मोकळ्या हवेत जावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. जेट (बर्नरला गॅस सोडणारे बारीक छिद्र) मोठा करणे, रेग्युलेटर किंवा नळी स्वतः बदलणे हे आच वाढवण्याचे उपाय नाहीत. गॅसचा वास आला तर पुरवठा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, बाहेर पडावे आणि तेथून आपत्कालीन सेवेला कळवावे. इंडक्शन शेगडी वारंवार बंद पडत असेल किंवा तिच्यामुळे घराचा विद्युतप्रवाह खंडित होत असेल, तर तिचा वापर थांबवून इलेक्ट्रिशियनला दाखवावी.

तेलाने पेट घेतला तर आच बंद करून कढईवर झाकण सरकवावे आणि ती पूर्ण गार होईपर्यंत झाकण काढू नये. पाणी कधीही ओतू नये आणि जळती कढई उचलून नेऊ नये. आग झाकणाने विझत नसेल तर घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे. सोया, शेंगदाणे, तीळ, अंडी आणि कवचधारी जलचर हे ॲलर्जीचे नेहमीचे घटक चिनी पदार्थांत पदोपदी असल्याने पाहुण्यांना आधीच विचारावे, आणि जेवताना कोणाचे ओठ किंवा घसा सुजू लागला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.

रेस्टॉरंटच्या वोकचा बर्नर घरी बसवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. दक्षिण चीनमधील कँटनी स्वयंपाकात ज्याला वोक हेई म्हणतात तो किंचित धुरकट खमंगपणा त्या प्रचंड आचेतून येतो, हे खरे आहे. परंतु असा बर्नर घरच्या बर्नरच्या कितीतरी पट गॅस जाळतो आणि त्याला तशीच गॅसवाहिनी, धूर ओढून घेणारी यंत्रणा आणि आग न लागणाऱ्या भिंती लागतात. तो बंदिस्त स्वयंपाकघरात स्वतः जोडू नये. हवाच असेल तर आधी गॅस अभियंत्याकडून जागेची पाहणी करून घ्यावी आणि त्याने नकार दिला तर तो नकार अंतिम मानावा.